'सॅशे'चा 'संचया'शी काही संबंध नाही

आमच्या भिशीच्या ग्रुपवर तो मेसेज परवा तिसऱ्यांदा आला. त्यात लिहिलंय की 'सॅशे' म्हणजे कपाटात ठेवायची सुगंधी पिशवी, हा शब्द संस्कृत 'संचय'चा अपभ्रंश आहे, पेशवाईत इंग्रजांनी तो विलायतेला नेला, आणि शाम्पूच्या पुडीला सॅशे म्हणणं अडाणीपणाचं आहे. खाली अभिमानाच्या प्रतिक्रियांची रांग. मला गप्प बसवेना.

आधी पेशवाईचं बघू. बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद मिळालं १७१३ साली. ईस्ट इंडिया कंपनीच मुळात १६०० सालची. आणि लहान पिशवी या अर्थाने 'सॅशे' इंग्रजीत पंधराव्या शतकातच लिहिला गेलाय. मग पेशवाईतून नेला कसा?

आता 'संचय'. 'सं' आणि 'चि' म्हणजे गोळा करणं. संचय म्हणजे साठा. त्यात पिशवी कुठेच नाही. सॅशे आहे फ्रेंच. 'साक' म्हणजे पिशवी, तिला लहान आकार दाखवणारा प्रत्यय लागून झाला सॅशे, जशी आपल्याकडे पोत्याची पोतडी होते. शेवटचा 'त' फ्रेंच लिहितात पण उच्चारत नाहीत, म्हणून नुसत्या कानाला तो 'संचय'च्या जवळ वाटतो. 'क'चा 'श' होणंही फ्रेंचमध्ये नेहमीचंच; लॅटिन 'कांतारे', म्हणजे गाणं, तिथे 'शांते' झालं. 'साक' आला लॅटिन 'साक्कुस'वरून, तो ग्रीक 'साक्कोस'वरून, आणि ग्रीकांनी तो सेमिटिक, म्हणजे हिब्रू-अरबीच्या कुळातल्या, भाषांकडून घेतला. हिब्रूत 'साक' म्हणजे जाडंभरडं कापड. ग्रीकांचा साक्कोसही बकरीच्या केसांचा, अंगाला टोचणारा. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या ज्या पोत्याला इंग्रजीत 'सॅक' म्हणतात, त्याच घरातली ही धाकटी लेक. मला तर या प्रवासाचंच अप्रूप वाटतं.

शाम्पूच्या पुडीचं म्हणाल तर तीही सॅशेच. फ्रेंच लोक चहाच्या पिशवीलासुद्धा सॅशे म्हणतात. सुगंधाचा अर्थ इंग्रजीत एकोणिसाव्या शतकात रुळला.

सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. आपला शब्द म्हणून मिरवायला हा उसना कशाला हवा? माझ्या आजीच्या ट्रंकेत नऊवारीच्या घड्यांमध्ये एक पुरचुंडी असायची. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, आत वाळा, कपूरकचरी, चार लवंगा आणि जोतिबाला वाहून आणलेला सुकलेला दवणा. तोंड पांढऱ्या दोऱ्याने तीनदा गुंडाळून बांधलेलं. पावसाळा संपला की आजी ती उन्हात सोडायची, वाळा बदलायची, पुन्हा बांधायची. ट्रंक उघडली की माजघरभर वास. तिला आम्ही कधी सॅशे म्हटलं नाही, संचय तर नाहीच. वाळ्याची पुरचुंडी, एवढंच.