बनवल्याशिवाय कळत नाय
मुलांच्या इंजिनिअरिंग क्लबवरच्या लेखात म्हटलंय की तिथे स्वतः वस्तू बनवूनच मुलं इंजिनिअरिंग शिकतात, अगदी पटलं. आमच्या मालवणात पोरांनी खाडीत चालवायला छोटी बोट केली, मोटर डायरेक्ट आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणारा छोटा सर्किट बोर्ड) पिनला जोडली तर फिरेचना, मग शोधल्यावर कळलं की पिनमधून साधारण २० मिलीअँपिअरच करंट घ्यायचा असतो आणि मोटरला त्याच्या कितीतरी पट लागतो, मोटर ड्रायव्हर (बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटरला बॅटरीतून जास्त करंट देणारं सर्किट) कशाला असतो ते तेव्हा डोक्यात बसलं. आणि खारी हवा! तांब्याच्या वायरींवर हिरवा थर चढला, मग पोरांनी सोल्डरच्या जोडांवर नेलपॉलिश लावलं. सरकारी योजनेतल्या शाळांमधल्या अटल टिंकरिंग लॅब, जिथे मुलं स्वतः वस्तू बनवतात, त्या सहावी ते बारावीच्या मुलांसाठी आहेत, चांगलंच आहे, पण अशा लॅब मे महिन्यात उघड्या ठेवा हो, तेव्हा मुंबईची भाचरं पण गावाला असतात.