मिनियापोलिसचा निकाल टीव्हीने लावलेला नाही

माझा भाचा गेली दोन वर्षे नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत बसून पोलीस उपनिरीक्षक पदाच्या परीक्षेची तयारी करतो आहे. मागच्या रविवारी तो जेवायला आला, तेव्हा पानावर बसण्याआधीच त्याने मोबाइल माझ्यापुढे धरला आणि विचारले, ''मावशी, मग आम्ही वर्दी घालून नुसते बघत उभे राहायचे का?'' संदेशात असे लिहिले होते: अमेरिकेतल्या मिनियापोलिस शहरात डेरेक शोविन या पोलिसाचा टीव्ही आणि पुढाऱ्यांच्या दबावाखाली बळी दिला गेला, त्याने प्रशिक्षणात शिकवले तेच केले होते, त्याने गुडघ्याखाली दाबून धरलेला जॉर्ज फ्लॉइड अमली पदार्थांमुळे मेला, ज्यूरीने, म्हणजे निकाल देणाऱ्या सामान्य नागरिकांच्या मंडळाने, दंगलीच्या भीतीने शोविनला दोषी ठरवले, म्हणून कर्तव्यावरच्या पोलिसावर खटलाच चालवू नये. हा मजकूर त्याच्या अभ्यासिकेतल्या बहुतेक मुलांनी वाचला आहे आणि अनेकांना पटला आहे. मी शिवाजीनगर न्यायालयात वकिली करते, त्यामुळे यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

प्रशिक्षणाचा मुद्दा आधी घेते, कारण उद्या वर्दी घालणाऱ्या मुलाच्या डोक्यात सर्वांत घातक गोष्ट तीच शिरते. मानेवर दाब देण्याच्या काही पद्धतींना तेव्हा मिनियापोलिस पोलिसांच्या नियमावलीत मर्यादित परवानगी होती, हे खरे आहे. पण ती प्रतिकार करणाऱ्यासाठी होती. २५ मे २०२० रोजी फ्लॉइडचे हात पाठीमागे बेड्यांत होते, तो रस्त्यावर पालथा होता आणि शोविनचा गुडघा ९ मिनिटे २९ सेकंद त्याच्यावर होता. त्याला कुशीवर वळवायचे का, असे एका सहकाऱ्याने विचारले आणि शोविनने नकार दिला. दुसऱ्याने नाडी लागत नसल्याचे सांगितले, तरीही गुडघा उचलला गेला नाही. हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवतात? मिनियापोलिसचे तेव्हाचे पोलीसप्रमुख मेडारिया अॅराडोंडो यांनीच शोविनवरच्या खटल्यात ५ एप्रिल २०२१ रोजी साक्ष दिली की हे आमच्या धोरणात, प्रशिक्षणात किंवा मूल्यांत बसत नाही. बळाच्या वापराचे प्रशिक्षण देणाऱ्या अधिकाऱ्यानेही ही पद्धत आपण शिकवत नसल्याचे सांगितले. स्वतःच्या खात्याचा प्रमुख आरोपीविरुद्ध साक्ष देतो, तेव्हा पोलीस विरुद्ध माध्यमे असे त्या खटल्याचे चित्र रंगवणे हा सरळ खोटेपणा आहे.

अमली पदार्थांबद्दल बोलायचे, तर फ्लॉइडच्या रक्तात फेंटानिल आणि मेथॲम्फेटामिन सापडले होते आणि त्याला हृदयविकारही होता. शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी हे सारे नोंदवले आणि तरीही मृत्यूचे कारण म्हणून पोलिसांनी जखडणे व मानेवरचा दाब हेच लिहिले. आपल्या भारतीय दंड संहितेच्या कलम २९९ च्या पहिल्या स्पष्टीकरणातही हेच तत्त्व होते, की आजारी माणसाचा मृत्यू जो लवकर ओढवून आणतो, त्यानेच तो घडवला असे मानावे. भाच्याला हे कलम पाठ आहे, पण संदेश वाचताना त्याला ते आठवले नाही, याचे मला वाईट वाटले.

दबावाच्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे आणि ते मला नाइलाजाने मान्य करावे लागते. ज्यूरी निवडली जात असतानाच मिनियापोलिस शहराने फ्लॉइडच्या कुटुंबाला २.७ कोटी डॉलरची भरपाई जाहीर केली. अमेरिकी संसदेतल्या प्रतिनिधिगृहाच्या सदस्य मॅक्सिन वॉटर्स यांनी, निकाल दोषसिद्धीचा नसेल तर आंदोलकांनी अधिक आक्रमक व्हावे, असे वक्तव्य केले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तर ज्यूरी विचारविनिमयासाठी बंदिस्त झालेली असताना पुराव्याबद्दल मत दिले. हे तिन्ही प्रकार अनुचित होते. वॉटर्स यांच्या वक्तव्यामुळे बचाव पक्षाला अपिलाचा मुद्दा मिळू शकतो, असे न्यायाधीश पीटर काहिल यांनी भर न्यायालयात सुनावले.

मात्र दबाव होता म्हणून निकाल दबावाने लागला, असे होत नाही. भरपाईच्या बातमीनंतर आधी निवडलेल्या ज्यूरींची पुन्हा चौकशी झाली आणि दोघांना वगळण्यात आले. पुढे शोविनने खटला दुसरीकडे न हलवण्याचा आणि ज्यूरीला सुरुवातीपासून बाहेरच्या संपर्कापासून दूर, बंदिस्त न ठेवण्याचा मुद्दा मिनेसोटाच्या अपील न्यायालयात मांडला. त्या न्यायालयाने एकेका आक्षेपाचा विचार करून १७ एप्रिल २०२३ रोजी दोषसिद्धी कायम केली आणि पोलिसाचे काम कठीण व धोक्याचे असते हे मान्य करूनच अवाजवी बळाला कायद्यात जागा नसल्याचे सांगितले. संदेश पुढे पाठवणाऱ्याने निदान हा निकाल वाचायला हवा होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हे प्रकरण ऐकण्यास नकार दिला. आपल्याकडे पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेले नौदल अधिकारी नानावटी यांच्या १९५९ च्या खटल्यात वृत्तपत्री मोहिमेच्या गदारोळात ज्यूरीने आरोपीला आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले होते आणि तो कौल उच्च न्यायालयाने फिरवला. ज्यूरी बहकली असेल, तर ते वरच्या न्यायालयात असे उघड होते.

ज्यूरी घाबरली होती असे म्हणणाऱ्यांनी हेही सांगावे, की डिसेंबर २०२१ मध्ये संघराज्य (फेडरल) न्यायालयात, जिथे ज्यूरीपुढे सुनावणी झालीच नाही, तिथे शोविनने फ्लॉइडच्या हक्कभंगाचा गुन्हा स्वतः का कबूल केला.

खटलाच नको, या मागणीवर फार शब्द खर्च करत नाही. अटकेतल्या व्यक्तीला पळून जाण्यापासून रोखण्यास आवश्यक असेल त्याहून अधिक जखडू नये, असे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४९ सांगत होते आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४६ सांगते. हे कलम भाच्याच्या अभ्यासक्रमात आहे. ज्या गटावर त्याने तो संदेश वाचला, त्याच गटावर हा मजकूर आजच टाकायला मी त्याला सांगितले आहे.