कोएन भावांच्या नावाने फिरणारा तो मेसेज

अमळनेरच्या नानांनी भाऊबंदांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला. सार असं: ‘हॉलीवूडच्या कोएन बंधूंपैकी सगळं काम थोरल्या जोएलचं, धाकटा ईथन नुसता हिशेब बघायचा. म्हणून वीस वर्षं दिग्दर्शक म्हणून एकाचंच नाव. संकलनाला तर भावावर भरवसा नव्हता, रॉडरिक जेन्स हा बाहेरचा माणूस ठेवला. शेवटी फाटलंच. भावंडांनी एकत्र धंदा करू नये.’

एरवी सोडून दिलं असतं. पण नानांची पोरं मोबाइलवर अहिराणी फिल्म करतात. पोरगा शूट करतो, पोरगी रात्री एडिटिंगला बसते. डबिंगमध्ये घरघर येऊ नये म्हणून मे महिन्यात कुलर बंद करून, ओढणीने घाम पुसत बसलेली मी तिला पाहिली आहे. नानांनी तिला हा मेसेज दाखवला आणि म्हणाले, ‘नाव भाऊनं व्हई, तू कसाले राबस?’

नाना, आधी त्या जेन्सचं ऐका. रॉडरिक जेन्स नावाचा माणूसच नाही! संकलन दोघं भाऊ मिळून करायचे आणि पडद्यावर हे बनावट नाव द्यायचे. ‘फार्गो’ आणि ‘नो कंट्री फॉर ओल्ड मेन’साठी या नसलेल्या माणसाला ऑस्करचं नामांकनसुद्धा मिळालं. ज्याला अविश्वासाचा पुरावा म्हणून दाखवलंय, ते दोघांचं शेजारी बसून केलेलं काम आहे. नेमकं तेच काम तुमची पोरगी करते.

दिग्दर्शक म्हणून बरीच वर्षं एकट्या जोएलचं नाव यायचं, हे खरं. पण अमेरिकेत दिग्दर्शकांच्या संघटनेचा नियमच एका चित्रपटाला एक दिग्दर्शक असा आहे. जोडीला वेगळी मान्यता लागते. २००४च्या ‘द लेडीकिलर्स’पासून दोघांची नावं येऊ लागली. ‘नो कंट्री’च्या दिग्दर्शनाचं ऑस्कर दोघांनी घेतलं.

हिशेबनीस म्हणे! १९८४च्या ‘ब्लड सिम्पल’ या पहिल्याच चित्रपटाची पटकथा दोघांची आहे.

जोएलने २०२१मध्ये आणि ईथनने २०२४मध्ये एकेकट्याने चित्रपट केले, तेवढं मान्य. पण त्याआधी २०१८पर्यंत दोघांचे मिळून अठरा चित्रपट झाले होते. चौतीस वर्षं. आपल्याकडे शेताचा बांधसुद्धा एवढी वर्षं भांडणाशिवाय राहत नाही.

पोरांच्या पुढच्या फिल्मच्या नामावलीत संकलनासमोर पोरीचं नाव आहे का, ते तुम्ही स्वतः बघा, नाना. नसेल तर पोराला बोला, तिला नाही.