दक्षिण आफ्रिका कशी विसरलात?

खेळातल्या बहिष्काराने काही साधत नाही, हे तुमच्या लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. १९८० च्या मॉस्को ऑलिंपिकपुरतं ठीक. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा घुसल्या म्हणून अमेरिका गेली नाही, तरी त्या फौजा तिथून निघाल्या थेट १९८९ मध्ये. (आपल्याला मात्र हॉकीचं सुवर्ण मिळालं!) पण दक्षिण आफ्रिकेचं काय? १९७४ ची टेनिसमधली डेव्हिस कप फायनल तिथल्या वर्णद्वेषाच्या निषेधार्थ आपण खेळलोच नाही, कप त्यांना आयता गेला. आपल्या संघातल्या अमृतराज बंधूंना काय वाटलं असेल! क्रिकेटमध्ये त्यांचा फलंदाज ग्रॅम पोलॉक बहिष्कारामुळे सव्विसाव्या वर्षी, २३ कसोट्यांवर अडकला, सरासरी ६०.९७. खेळवेड्या गोऱ्यांना ते झोंबलं. एकट्या बहिष्काराने वर्णद्वेष गेला नाही, मान्य. पण हा बहिष्कार वीस वर्षं टिकला, मॉस्कोसारखा पंधरा दिवसांचा नव्हता.