त्यांनी फक्त पट्टी मागितली होती

आजोबा कापूस विकून आले की आधी काटापट्टी दाखवायचे. वजन किती, भाव काय लागला, हमाली-तोलाई किती कापली. आजीला वाचता येत नव्हतं, तरी ती पट्टी हातात घेऊन नीट बघायची आणि पत्र्याच्या डब्यात ठेवायची. यवतमाळकडच्या आमच्या घरात तो डबा अजून आहे.

मागच्या ऑक्टोबरात अमेरिकेत मेम्फिस शहराहून आर्कान्सा राज्यातल्या एलेन गावी गेलो, तेव्हा तो डबा सारखा डोळ्यांपुढे येत होता. सपाट रान, कडेला गुलाबी प्लास्टिकात गुंडाळलेले कापसाचे मोठाले गठ्ठे. १९१९ मध्ये इथल्या कृष्णवर्णीय बटाईदारांना पट्टी मिळतच नव्हती. कापूस मालक नेणार, मालकच विकणार, सांगेल तो भाव. पीठमीठ, कपडेलत्ते त्याच्याच दुकानातून उधारीवर, आणि उधारीची वहीही त्याच्याकडेच. वर्षभर राबून ऐकायचं काय, तर 'बाकी तुझ्याकडेच निघते'. त्या साली भाव चढा होता. लोकांनी संघटना बांधली, वकील गाठला. आमच्या कापसाचा कलमवार हिशोब द्या, म्हणाले.

३० सप्टेंबरच्या रात्री जवळच्या हूप स्परच्या चर्चमध्ये त्यांची बैठक चालू असताना बाहेर गोळीबार झाला, त्यात एक गोरा माणूस मेला. दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या मिसिसिपी राज्यातूनसुद्धा हत्यारबंद गोरे आले. गव्हर्नरने लष्कर आणलं. गोरे पाच मेले. कृष्णवर्णीय किती मेले याची धड मोजणीच झाली नाही. दोनशेच्या वर असावेत, असं मानणारे अभ्यासक आहेत. या कृष्णवर्णीयांना मारल्याबद्दल एकाही गोऱ्यावर खटला नाही. उलट बारा बटाईदारांना फाशी सुनावली, आणि सगळ्या गोऱ्या ज्यूरीला त्यातल्या काहींसाठी दहा मिनिटंही लागली नाहीत.

आयडा बी. वेल्स ही पत्रकार नातेवाईक असल्याचं सांगून तुरुंगात त्यांना भेटली. ते मरणाची गाणी म्हणत होते. तिनं सांगितलं, मरणाचं गाऊ नका, सुटकेसाठी प्रार्थना करा. मग १९२० मध्ये पुस्तिका काढून त्यांच्या कापसाचा, जनावरांचा, गेलेल्या पिकाचा हिशोबच तिनं छापला. मला ही बाई फार मोठी वाटते. गुलामीत जन्मलेले वकील सिपिओ जोन्स वर्षानुवर्षं लढले. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानं मान्य केलं की जमावाच्या धाकाखाली चाललेला खटला म्हणजे न्याय नव्हे. १९२५ पर्यंत बाराही जण सुटले. कापसाचे पैसे मात्र कुणी आणून दिले नाहीत.

अजूनही याला 'दंगल' म्हणणारे भेटतात. दंगलीत दोन बाजू असतात. हे हत्याकांड होतं. 'कशाला जुनी मढी उकरता' असंही ऐकवतात. पण जुनं म्हणजे किती जुनं? अमेरिकेच्या कृषी खात्यानं कर्ज देताना कृष्णवर्णीय शेतकऱ्यांशी भेदभाव केला, ती केस १९९९ मध्ये तडजोडीनं मिटली. १९२० मध्ये अमेरिकेत नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते, आता पन्नास हजारसुद्धा नाहीत. जमिनी अशाच जात नाहीत हो.

२०१९ मध्ये शंभर वर्षं झाली म्हणून एलेनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या आठवणीत विलोचं एक झाड लावलं होतं. ऑगस्टमध्ये कुणीतरी ते रात्रीतून तोडलं. महिनाभरानं शेजारच्या हेलेना गावात कोर्टासमोर स्मारक झालं, ते चांगलंच झालं. पण मला एलेनमध्येच, रस्त्यावरून जाणाऱ्याला वाचता येईल असं लिहिलेलं हवंय: त्या हंगामातला कापूस कुणाच्या रानातला होता, कुणी विकला आणि पैसे कुणाकडे गेले.