पाणी कुठपर्यंत येणार, एवढे सांगा

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्यात सीना नदीच्या काठावर माझ्या आत्याचे गाव आहे. गावाचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका गावाचा नाही. आज तिथे गेले तेव्हा शाळेला नवा रंग दिलेला दिसला. २०२५ च्या सप्टेंबरात पूर ओसरल्यावर त्या शाळेच्या भिंतीवर गाळाची एक आडवी तपकिरी रेघ राहिली होती, खिडकीच्या गजांच्या बरोबर मध्यावर. गावात पाणी कुठवर चढले होते हे सांगणारी तेवढी एकच खूण शिल्लक होती. ती आता पिवळ्या रंगाखाली गेली आहे आणि तिच्या जागी सुविचार लिहिले आहेत. मुलांनी गाळाने माखलेल्या शाळेत बसू नये हे मलाही कळते. पण रंगाचा पहिला हात मारण्याआधी त्या रेघेवर तांबड्या ऑइल पेंटचा एक पट्टा ओढावा आणि शेजारी तारीख लिहावी, हे काम देणाऱ्याला, काम घेणाऱ्याला आणि कामावर सही करणाऱ्याला, एकालाही सुचू नये याचा मला मनापासून संताप आला आहे.

रेघेचे एवढे काय, असे कोणी विचारील म्हणून त्या रात्रीची हकिकत सांगते.

संध्याकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर निरोप आला होता की सीना नदीच्या पात्रात इतके इतके क्युसेक पाणी सोडण्यात येत असून नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे. आकडा लाखाच्या पुढचा होता. आत्याने मला सोलापुरात फोन केला आणि एकच प्रश्न विचारला, "अगं, लाख म्हंजी किती गं? पाणी दावणीला लागतंय का उंबऱ्याला, तेवढं सांग की." मी एका कार्यालयात फोन लावला. पलीकडच्या माणसाने अतिशय सभ्यपणे मला तोच आकडा पुन्हा वाचून दाखवला. मी म्हटले, "अहो साहेब, आकडा आमच्याजवळ आहे, गावात पाणी कुठपर्यंत येईल ते सांगा." त्यावर ते म्हणाले, "मॅडम, तसं आमच्याकडं नसतं. सतर्क राहा."

सतर्क राहायचे म्हणजे नेमके काय करायचे? सत्तरीतल्या बाईने अंधारात म्हशीचे दावे सोडायचे की नाही? ज्वारीची पोती माळ्यावर चढवायची की नाही? अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याला कोणाच्या खांद्यावर द्यायचे आणि कधी?

एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण अठ्ठावीस लिटर पाणी, हे मला शाळेत शिकवलेले आहे. परंतु त्या हिशेबातून आत्याच्या गोठ्याचे उत्तर निघत नाही, आणि निघणारही नाही, कारण सीनेला पाणी एका दारातून येत नाही. वर परांड्याकडे सीना कोळेगावचे धरण आहे, चांदणी आणि खासापुरी आहेत, खाली भोगावती येऊन मिळते, आणि मधले असंख्य ओढे आपापले पाणी आणून ओततात. त्यातून भीमा भरून वाहत असेल तर सीना जिथे तिला मिळते त्या हत्तरसंग कुडलच्या संगमाजवळ सीनेचे पाणी लवकर पुढे सरकत नाही आणि फुगवटा मागे चढत येतो. म्हणजे धरणाच्या दारावर मोजलेला आकडा आणि गावाच्या वेशीवर येणारे पाणी यांचा मेळ घरबसल्या कोणत्याही शेतकऱ्याला घालता येणे शक्य नाही. तो मेळ घालणे हे ज्यांच्याकडे मोजमापे आहेत, नकाशे आहेत आणि अभियंते आहेत त्यांचे काम आहे. गंमत म्हणून नव्हे, काळजीने सांगते की अशा पुराच्या वेळी आपल्या डोक्यावर फारसे ढगही नसू शकतात. पाऊस अहिल्यानगर, बीड आणि धाराशिवकडे पडतो आणि पूर आपल्याकडे येतो, त्यामुळे आभाळाकडे बघून अंदाज करण्याची आपली पिढीजात सवयही इथे उपयोगी पडत नाही.

त्या रात्री गावाला वाचवले ते मोबाईलवरच्या निरोपाने नव्हे. आत्याच्या शेजारी एक वयस्कर कोळी आजोबा राहतात. त्यांनी बाभळीची एक सरळ काठी घेतली, तिला वीत-वीत अंतरावर तांबडा दोरा बांधला आणि ओढ्याच्या कडेला, जिथे पाणी नुकते टेकले होते तिथे, ती चिखलात रोवली. मग बॅटरी घेऊन ते तिथेच बसून राहिले. पहिला दोरा बुडायला लागला त्यापेक्षा दुसरा लवकर बुडाला आणि तिसरा त्याहून लवकर, तेव्हा त्यांनी उठून हाळी दिली की जनावरे सोडा आणि माळावर चला. चुलत्यांच्या दोन पोरांनी मामंजींना, म्हणजे आत्याच्या यजमानांना, बाजेसकट उचलून नेले. म्हैस वाचली. पोती गेली, पेटी गेली, पेटीतली कागदपत्रे गेली. तोवर वीज गेली होती, थोड्याच वेळात मोबाईलची रेंजही गेली, आणि कुठले तरी धरण फुटल्याची अफवा मात्र त्याआधीच सगळ्यांपर्यंत पोहोचली होती.

मला राग येतो तो इथे. एका निरक्षर म्हाताऱ्या माणसाला जे समजते, की लोकांना पाण्याची उंची आणि चढण्याचा वेग कळला पाहिजे, ते एवढ्या मोठ्या यंत्रणेला का समजू नये?

आणि हे अशक्य नाही, हे आपल्याच जिल्ह्यात रोज दिसते. उजनीतून आणि वीर धरणातून पाणी सुटले की पंढरपुरात नदीकाठचे लोक आकड्यांवर थांबत नाहीत. जुना दगडी पूल पाण्याखाली गेला, पुंडलिकाच्या मंदिराला पाणी लागले, आता व्यासनारायण झोपडपट्टीतल्या लोकांना हलवावे लागेल, अशा पायऱ्यांनी तिथे पूर मोजला जातो, कारण चंद्रभागेच्या वाळवंटात वावरणाऱ्या पिढ्यांनी आकडा आणि पायरी यांची सांगड घालून ठेवली आहे. तीच सांगड सीनेच्या प्रत्येक गावात घालता येते. गेल्या सप्टेंबरात नदीला कोणत्या दिवशी किती पाणी होते याच्या नोंदी पाटबंधारे खात्याकडे असणारच. त्या दिवशी पाणी गावात कुठे होते हे गावकऱ्यांना ठाऊक आहे. दोन्ही एकत्र आणले की झाले. पन्नास हजारांना स्मशानभूमी, एक लाखाला शाळेचे मैदान, त्याच्या वर गेले की चावडीची पायरी, असे जे काही त्या त्या गावाचे खरे असेल ते विजेच्या खांबांवर आणि देवळाच्या भिंतीवर रंगवून ठेवायचे. निळ्या आणि लाल पूररेषा, म्हणजे मोठा पूर आणि त्याहून मोठा, क्वचित येणारा महापूर कुठवर चढेल ते दाखवणाऱ्या रेषा, कागदावर आखल्या जातात, त्या कार्यालयाच्या कपाटात असतात. त्या रेषा आत्याला तिच्या दारातून दिसल्या पाहिजेत. म्हणूनच ती शाळेवरची रेघ मला हवी होती.

गेल्या वर्षीचे पाणी आजवर जुन्या माणसांनीही पाहिले नव्हते असे म्हणतात, आणि ते खरे असेल. लांबोटीच्या पुलाजवळ पाणी येऊन सोलापूर-पुणे महामार्ग बंद पडतो, माढ्याकडच्या गावांतून लोकांना हेलिकॉप्टरने काढावे लागते, हे आपण कोणी कल्पिले नव्हते. पण म्हणून पुन्हा तसेच बेसावध राहायचे का? २०२० च्या ऑक्टोबरात बोरी नदीने अक्कलकोट तालुक्यात काय केले आणि पंढरपुरात कुंभार घाटाची भिंत कोसळून सहा जीव कसे गेले, ते आपण पाहिले होते. पाचच वर्षांत दुसऱ्यांदा पाहिले. तरीही आपला जिल्हा दुष्काळी, ही समजूत आपल्या मनातून जात नाही. वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा आपला मुलूख. टँकर कुठे लावायचा, चारा छावणी कशी चालवायची, हे आपल्याकडे शाळेतले पोरही सांगेल. पुरात जनावरे कोणत्या माळावर न्यायची, तिथे चारा कोणी आणायचा, हे मात्र सरपंचालाही सांगता येत नाही. आणखी एक गोष्ट. पावसाळ्यापूर्वीच्या बैठका मे-जूनमध्ये होतात, बोटी तपासल्या जातात, फोटो निघतात. आपल्याकडचा मोठा पाऊस बहुधा सप्टेंबरात येतो, जेव्हा धरणे आधीच तुडुंब असतात आणि जूनमधली यादी कोणाच्या तरी टेबलाच्या खणात पडलेली असते. तीच बैठक ऑगस्टच्या अखेरीस पुन्हा घ्यायला काय हरकत आहे?

आता पंचनाम्याबद्दल. इथे मात्र माझा आवाज जरा खाली येतो, कारण आत्याच्या गावात पंचनाम्याला आलेली तलाठी मुलगी मी स्वतः पाहिली आहे. पोटरीपर्यंतच्या काळ्या चिखलात चपला हातात घेऊन ती वस्त्या-वस्त्यांवर फिरत होती, तिच्याकडे कितीतरी गावे होती, आणि प्रत्येक घरात तिला रडणे आणि शिव्या दोन्ही ऐकाव्या लागत होत्या. तिच्यावर राग काढणाऱ्यांना मी तेव्हाही थांबवले होते. दोष तिचा नव्हता. दुभत्या जनावरामागे तेव्हा ३७,५०० रुपये मदतीचा निकष होता, पण गाय वाहून गेली तर पंचनामा कशाचा करायचा? आत्याच्या वस्तीवरच्या एका कुटुंबाची गाय अशीच गेली. तिच्या कानात बिल्ला होता, पण त्या बिल्ल्याचा क्रमांक घरात कुठेच लिहून ठेवलेला नव्हता, गाईबरोबर कुटुंबातल्या कोणाचा साधा फोटोही नव्हता. त्या माउलीने मोकळ्या दाव्याचा फोटो काढून दाखवला. तो पुरावा म्हणून कसा धरायचा हे त्या तलाठी मुलीलाही कळेना आणि दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिल्या.

शासनाने ७ ऑक्टोबर २०२५ रोजी ३१,६२८ कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, खरडून गेलेल्या जमिनीचाही त्यात विचार केला, हे मान्य केले पाहिजे. पण मदत मिळण्यासाठी जी कागदपत्रे लागतात ती पुराने आधीच नेलेली असतात, आणि ज्याची कागदपत्रे गेली त्यालाच सर्वांत जास्त खेटे घालावे लागतात, ही उलटी रीत कोणी बदलायची? तोवर आपण एवढे तरी करू शकतो की प्रत्येक जनावराच्या बिल्ल्याचा क्रमांक आणि धन्यासोबतचा फोटो, सातबारा, आधार, बँकेचे पासबुक यांचे फोटो शहरातल्या नातेवाइकाच्या मोबाईलमध्ये आजच पाठवून ठेवावेत. आत्याच्या वस्तीवरच्या घराघराचे असे फोटो आता माझ्याकडे आहेत. आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाचे कोणी ना कोणी नदीकाठी आहे, तेव्हा हे काम आपले आहे.

मदतीच्या बाबतीत सोलापूरकरांना नावे ठेवणे मला जमणार नाही. कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि चादरी घेऊन किती टेम्पो गेले ते सर्वांनी पाहिले. चिखलात चूल पेटत नव्हती तेव्हा ती न विटणारी भाकरीच लोकांच्या पोटात गेली. फक्त जुन्या कपड्यांचे ढीग कृपा करून कोणी नेऊ नयेत. आत्याच्या गावात पारावर तो ढीग दिवाळीपर्यंत भिजत पडला होता, आणि त्याच वेळी जनावरांना वैरण नव्हती, विहिरी गाळाने भरल्या होत्या, बायकांना कपडे बदलायला आडोसा नव्हता, मुलांकडे वह्या नव्हत्या. ताडपत्री, वैरण, पिण्याचे पाणी, सॅनिटरी पॅड, विहीर उपसायला पंप, या गोष्टी आधी विचारून न्याव्यात.

शहरात राहणाऱ्यांनीही हे आपले नव्हे असे समजू नये. हिप्परग्याचा तलाव भरून वाहू लागला की ते पाणी आदिला नदीने शहराच्या अंगावरून सीनेकडे जाते. त्या नदीला आपण नाला म्हणू लागलो, तिच्या काठावर घरे बांधली, आणि पावसात घरात पाणी शिरले की महापालिकेला दूषणे देतो. महापालिकेची चूक आहेच. परंतु त्या काठावर प्लॉट घेताना जुन्या माणसांना पाणी कुठवर येते ते विचारण्याची रीत आपणच सोडली.

१ मे रोजी गावोगावी ग्रामसभा होतील. ज्यांचे गाव सीना, भीमा, बोरी, भोगावती यांपैकी कोणत्याही नदीच्या काठी आहे त्यांनी त्या दिवशी गावी जावे आणि पुराचा विषय विषयपत्रिकेवर घ्यायला लावावा. गेल्या पुराच्या पातळीच्या खुणा कायमच्या रंगाने करणे, नदीच्या कडेला मोजपट्टी रोवणे, देवळाच्या भोंग्याला वीज गेल्यावरही चालेल अशी बॅटरी बसवणे, जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक चावडीवर ठळक लिहिणे, आणि आजारी, वृद्ध, गरोदर बायका यांना कोणत्या घरातले कोणते तरुण उचलून नेतील ते नावानिशी ठरवणे, इतक्याच मागण्या आहेत. खर्च ग्रामपंचायतीला झेपेल असाच आहे. आत्याच्या गावासाठी मी अर्ज तयार केला आहे आणि तिथल्या बऱ्याच लोकांनी त्यावर सह्या केल्या आहेत, त्या आजोबांनी अंगठा दिला आहे. ज्यांना आपल्या गावासाठी त्याचा मसुदा हवा असेल त्यांनी मला निरोप पाठवावा, मी लगेच देईन. अर्ज सभेच्या आधीच ग्रामपंचायतीत द्या, आणि पोच तारीख-शिक्क्यासह घ्या.