प्रवाळबेटे वाढली, म्हणून किनारे निर्धोक झाले काय?

‘प्रवाळबेटे बुडत नसून उलट वाढत आहेत, प्रवाळ स्वतःच जमीन घडवतो, आणि किनारा खचलाच तर भिंत बांधून काम भागते’ अशा आशयाचा मजकूर समाजमाध्यमांवर पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्यातले पहिले विधान अगदीच निराधार नाही. खोट आहे ती त्यावरून काढलेल्या निष्कर्षांत.

प्रशांत महासागरातील तुवालू या छोट्या देशाच्या १०१ बेटांची १९७१ ते २०१४ या काळातील हवाई व उपग्रह छायाचित्रे ताडून पाहणाऱ्या अभ्यासात एकूण भूभाग २.९ टक्क्यांनी वाढल्याचे आढळले, हे खरेच आहे. मात्र त्यातील सुमारे एक चतुर्थांश बेटे आक्रसली, हा तपशील पुढे पाठवताना सोयीस्करपणे गळतो. शिवाय बेट पसरले म्हणजे ते उंच झाले असे नव्हे. उधाणाचे पाणी आत शिरून विहिरी खारावतात तेव्हा वाढलेले क्षेत्रफळ फारसे उपयोगी पडत नाही. मालदीवमधील हुलहुमाले हे बेट तर १९९७ पासून समुद्रतळाची वाळू उपसून, भराव टाकून उभारले गेले. नकाशावर तीही ‘वाढ’च दिसते.

दुसरा मुद्दा प्रवाळाचा. बेटाची वाळू म्हणजे प्रवाळांचे तुकडे, चुनखडीयुक्त शैवाल आणि सूक्ष्म जीवांची कवचे यांचा चुरा असतो. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि न पचलेला चुना पांढऱ्या वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो. बेसुमार मासेमारी, सांडपाणी आणि तापलेला समुद्र या साऱ्यावर घाला घालतात. शाबूत प्रवाळभित्ती, म्हणजे बेटाभोवती प्रवाळांनी पाण्याखाली रचलेला कठीण बांध, लाटांची सरासरी ९७ टक्के ऊर्जा शोषून घेते. मालदीवची राजधानी माले येथे भित्तीच्या ज्या उथळ सपाटीवर लाटांचा जोर ओसरत असे तिच्यावरच भराव टाकला गेला, आणि १९८७ च्या एप्रिलमध्ये मोठ्या लाटा आल्या तेव्हा त्या भरावाचा बराच भाग वाहून गेला.

सर्वांत घातक सल्ला भिंतीचा आहे. उतरत्या पुळणीवर लाट पसरते, तिचे काही पाणी वाळूत मुरते आणि जोर ओसरून ती मागे फिरते. उभ्या भिंतीवर ती आपटून परतते आणि पायथ्याची वाळू ओढून नेते, त्यामुळे काही काळाने भिंत उरते पण पुळण उरत नाही, आणि भिंत जिथे संपते तिथे शेजारचा किनारा जोमाने कापला जाऊ लागतो. (धूप थांबली नाही, तिचा पत्ता तेवढा बदलला.) मालदीवच्या अनेक लहान बेटांवर तर नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांत वाळू पूर्वेच्या बाजूला साचते आणि ईशान्य वाऱ्यांत पश्चिमेकडे परतते. बोटींसाठी बांधलेला एखादा भरीव धक्काही ही ये-जा अडवू शकतो. रोडावलेली पुळण खरोखर खचली आहे की मोसम पालटताच भरून येणार आहे, हे दोन्ही वाऱ्यांतला किनारा मोजल्याशिवाय कळत नाही, आणि एकदा भिंत उभी राहिली की ते मोजण्याची संधीही जाते.